परक्या पँटची शिलाई

लेकीच्या घरात आपण मुळीच नाक खुपसत नाही, असं शिंपीणबाई दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक बिचारं बटण लावून घ्यायला आलेलं असे! परदेशात येऊन त्यांनी कपडे मापात बसवून द्यायचं हे दुकान थाटलं, त्यावर लेकीला शिकवलं, आणि ती नोकरीला लागून वेगळी राहायला गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. काढलं ते घरी येऊन, आणि तेही फक्त आठवडाभर. "फोन केल्याशिवाय येऊ नकोस," एवढंच लेकीनं किल्ली देताना बजावलं होतं. आता किल्ली द्यायची आणि येऊ नको म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

म्हणून त्यांनी साधा बेत केला. लेक ऑफिसात असताना जायचं, स्वतः शिवलेले पडदे लावायचे आणि मांजराच्या पावलांनी परत यायचं. यात नाक कुठे आलं?

लिफ्ट बंद होती. पडद्यांची पिशवी काखोटीला मारून त्या जिना चढू लागल्या आणि सोबतीला मायदेशातल्या आपल्या आईला व्हिडिओवर घेतलं. आजींना नातीचं नवं घर बघायचंच होतं.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"मग तळमजला सोडून मोज."

या देशात तळमजल्यालाच पहिला म्हणतात, हे शिंपीणबाईंना झोपेतही ठाऊक होतं. पण आईशी बोलायला लागलं की त्यांचा सगळा हिशेबच माहेरचा व्हायचा. त्यांनी मुकाट्यानं तळमजला सोडला. वर गेल्यावर किल्ली फिरेना, म्हणून दाराला कंबरेचा एक धक्का दिला, तर दार उघडंच.

"बघ, दार उघडं टाकून गेली," त्या कळवळल्या. "एखादं परकं माणूस आत शिरलं म्हणजे?"

पडदे खिडक्यांना झकास बसले. आणि मग खुर्चीवर पँट दिसली. पुरुषाची! हातात घेताच शिंपीणबाईंना मालकाची उंची, कंबर आणि जरासं सुटलेलं पोटही कळलं, धंदाच तो. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"कुणाची गं ती?" आजींनी विचारलं.

"आई, पोरीनं घरात माणूस ठेवलाय."

"जवळ धर बघू. कापड बरं आहे."

"तुला कापडाचं सुचतंय? खाली शिलाई उसवलीय बघ. ज्याला स्वतःची पँट सांभाळता येत नाही, तो माझ्या लेकीला काय सांभाळणार?"

बोलता बोलता पर्समधून सुईदोरा निघालाच. जीव कासावीस झाला की शिंपीणबाईंचे हात स्वस्थ बसत नसत. एक पाय शिवून होईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात लेकीचं लग्न लावलं, मोडलं आणि तिला घरी परतही आणलं.

"तिला फोन लाव," आजी म्हणाल्या. "पण माझा बंद करू नकोस. तिला यातच घे."

लेक फोनमध्ये दिसू लागली. शिंपीणबाईंनी दुसऱ्या पायाला सुई घातली. "मला सगळं कळलंय."

लेक पांढरीफटक पडली. "कुणी सांगितलं?"

"डोळे आहेत मला. किती दिवस लपवणार होतीस?"

"रविवारी सांगणारच होते, आई. नोकरी फार चांगली आहे, म्हणून हो म्हटलं. पुढच्या महिन्यात निघायचंय."

"निघायचंय? कुठे?"

लेकीनं सांगितलं. तो देश दोन विमानं बदलून गाठायचा होता. शिंपीणबाईंना सुई कचकन टोचली. यापेक्षा माणूस परवडला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या. डोळे पुसायला हाताशी होती ती पँटच.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि चादर गुंडाळलेला एक आडदांड माणूस बाहेर आला. हा बसड्रायव्हर, आणि रात्रपाळीहून येऊन झोपताना दार लावायचं विसरला होता, हे नंतर कळलं. त्याला दिसलं ते इतकंच, की घराला पडदे आलेत आणि एक बाई त्याच्या पँटमध्ये तोंड खुपसून रडतेय.

"तुम्ही कोण?" त्यानं इथल्या भाषेत विचारलं.

"आधी तू कोण?" शिंपीणबाई त्याच भाषेत गरजल्या.

"आई," फोनमधून लेक ओरडली, "तू आहेस कुठे?"

"तुझ्या घरी!"

"माझ्या घरी मी आहे. सुट्टी काढून सामान बांधतेय."

एक जिना धावत चढून लेक वर आली. तिनं हजार वेळा माफी मागितली आणि आईच्या हातातली पँट सोडवून ड्रायव्हरला दिली. त्यानं शिलाई निरखून पाहिली आणि दबकत विचारलं, "पडदे राहू देऊ का?"

"राहू दे," शिंपीणबाई म्हणाल्या. "तिच्या खिडक्या आता कुणासाठी झाकू?"

जिन्यात त्यांनी लेकीचा हात धरला. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस, आणि मग माझा पाय निघाला नसता."

त्यांनी नाक पुसलं. "जा. मी अडवत नाही. पण तिथलं घर लावायला मी येणार."

"ये ना," लेक घाईघाईनं म्हणाली. "जरा स्थिरस्थावर झाले की लगेच बोलावते."

हातातला फोन खाकरला. आजी अजून तिथेच होत्या.

"मलाही हिनं हेच सांगितलं होतं," त्या नातीला म्हणाल्या. "अजून स्थिरस्थावर होतेय बिचारी."