दिगूचा चौदा-सात

सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं. कुंपणाशी दिगू येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, जरा चूल इझवा. सेन्सरला हवा दाखवाची हाय."

"दाखव की. हवा काय माझ्या चुलीत दडलीय?"

"धूर नको. निखळ हवा पायजे. घटकाभर."

दिगू माझा शेजारी. चिंचणीत आमच्या दोन घरांच्या मध्ये एक मेंदीचं कुंपण आणि एक चिकूचं झाड, बस. त्या दिवशी त्यानं आख्ख्या आळीच्या चुली विझवल्या. एका घरी झावळ्या जाळत होते, त्यांवर स्वतः बादली ओतली. कोणी स्कूटर चालू करत होता, त्याला ती नाक्यापर्यंत ढकलत न्यायला लावली. मग चिकूच्या फांदीला एक बोटाएवढी लोखंडी वस्तू वायरनं टांगली, आकाशकंदील टांगावा तशी, आणि खाली स्टुलावर मीटर मांडीवर घेऊन बसला. मी बघायला जवळ गेले तर म्हणाला, "वयनी, श्वास तिकडं तोंड करून सोडा."

मी त्याला चार शब्द सुनावले. तेही तिकडे तोंड करून सुनावले, म्हणजे बघा.

दिगूचा जन्म बोईसरच्या कारखान्यांत मीटर दुरुस्त करण्यात गेला. शिफ्टच्या बसनं जायचा, दिवसभर दाब मोजायचा, उष्णता मोजायची, आणि घरी यायचा. रिटायर झाला तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून आळीच्या मागे लागला. माझ्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून गेला, तो मी एक दिवस भेंडी समजून बाहेर काढला. त्याचं एकच पालुपद: "माणूस खोटं बोलतो, वयनी. आकडा नाय बोलत."

घरी त्याची बायको सुमन आणि एक जुनी व्हॅन. दोघींत व्हॅन जास्त धूर काढते, एवढाच फरक.

सुमन नवापूरची. तिच्या माहेरी मासेमारी, भावाची होडी. आता तिचे गुडघे गेलेत. बसची पायरी चढत नाही, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, बंद काचेच्या गाडीत जीव घुसमटतो, आणि दिगूच्या व्हॅनमध्ये बसली की पेट्रोलच्या वासानं नाका ओलांडायच्या आत उलटी. म्हणून ती कुठे जात नाही. ओट्यावर बसून बोंबील निवडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते.

थंडीत तिच्या भावानं नवी होडी बांधायला घेतली. त्यांच्या घरची रीत अशी, की बहिणीनं ओवाळल्याशिवाय नवी होडी पाण्यात लोटत नाहीत. भावाचा फोन आला. मी तिथेच होते. त्याचा आवाज फोनशिवायही नवापूरहून ऐकू आला असता. "पुनवेच्या उधाणाला होडी उतरवाची हाय, बाय. तू नाय आलीस तर ती रेतीवरच पडून राहील."

सुमननं फोन ठेवला आणि दिगूला म्हणाली, "तुमच्या त्या गाडीत मी बसणार नाय. आरती हातात आन पदर तोंडाला, अशी उभी राऊ काय भावाच्या दारात?"

दिगू उठला. चपला घालून बोईसरला गेला आणि एक खोका घेऊन आला. खोक्यात तो सेन्सर.

हे यंत्र काय करतं ते त्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी कोणालाही सांगू शकते. ते गाडीच्या धुराच्या नळीत बसवायचं. आत बसून ते लालबुंद तापतं आणि जाणाऱ्या धुरात किती हवा शिल्लक आहे ते बघतं. पुढे काचेजवळ मीटर, त्यावर आकडा. आकडा चौदा-सात आला म्हणजे पेट्रोल आणि हवा बरोबर जुळली. आकडा खाली उतरला तर पेट्रोल जास्त, मग काळा धूर आणि वास. वर चढला तर हवा जास्त, मग इंजिन तापतं.

नळीला भोक पाडायला तो मला बोईसरच्या वेल्डरकडे घेऊन गेला. मला बाजार करायचा होता, त्याला साक्षीदार हवा होता. वेल्डर भोक खालून पाडणार, तर दिगूनं त्याचा हात धरला. "नीचे नहीं, भैया. नली में पानी जमता है. पानी लगेगा तो ये मर जाएगा. ऊपर से, तिरछा."

वेल्डर म्हणाला, "चाचा, गाडी है कि रॉकेट?"

"रॉकेट होता तो तेरे पास क्यूं लाता?"

भोक वरून पडलं, तिरकं. चिकूच्या झाडाखाली सेन्सरला हवा दाखवून झाली, म्हणजे निखळ हवेवर त्याचं माप जुळवून झालं. सेन्सर नळीत बसला. सेन्सरच्या वर, इंजिनाकडे, नळीचा एक जोड आहे. तोही दिगूनं खोलून पुन्हा बंद केला. ज्या दिवशी पहिल्यांदा गाडी चालू केली त्या दिवशी आळीत धुपाचा वास दरवळला. मला वाटलं कुणाकडे पूजा आहे. प्रसादाची वाट बघितली. आला नाही.

तेव्हापासून दिगू माणसांनाही आकडे लावायला लागला. नाक्यावरचा दुकानदार लोणी लावून बोलतो, तो बारा. मी सतरा. "तुमच्यात हवा जास्त, वयनी. म्हनून तापता." माझ्या वरणाला म्हणाला, "आज पातळ हाय, सोळावर गेलंय." मी वाटी काढून घेतली.

पण गाडीचा आकडा काही जुळेना. सतराच्या खाली यायला तयार नाही. म्हणजे हवा जास्त. दिगूनं पेट्रोल वाढवलं. आकडा हलला नाही. आणखी वाढवलं. आता सायलेन्सरमधून काळे लोट निघायला लागले. माझी दोरीवरची पांढरी चादर करडी झाली. आळीतली माणसं खोकायला लागली आणि मीटर म्हणतोय, हवा जास्त.

मी म्हटलं, "दिगू, तुझं नाक कुठंय? पेट्रोल जास्त झालंय."

"आकडा तसं म्हनत नाय."

"आकड्यानं माझी चादर धुवावी मग."

सुमन ओट्यावरून हे सगळं बघायची. आधी हसायची. पुनव जवळ आली तशी हसेना. एक दिवस तिनं पेटीतली हिरवी साडी काढून वाळत घातली होती, ती काळ्या धुरात भरली तेव्हा बिचारीनं परत धुतली. दिगूनं ते पाहिलं. मीही पाहिलं. दिगूनं गाडी बंद केली आणि बराच वेळ तिच्या खाली नुसता पडून राहिला.

बाहेर आला तो साबणाच्या पाण्याची वाटी मागत. "वयनी, एक काम करा. मी गाडी चालू करतो. तुमी सायलेन्सरचं तोंड ओल्या फडक्यानं दाबून धरा."

"माझ्या वयाला हेच राहिलं होतं."

"गाडी थंड हाय. चटका नाय बसणार."

पाट घेऊन बसले आणि दाबलं. गाडी माझ्या हाताशी फुरफुरायला लागली, धरलेल्या बोक्यासारखी. दिगू खाली घुसून जोडांवर साबणाचं पाणी लावत होता. एकदम ओरडला, "फेस आला!" मी वाकून बघितलं. सेन्सरच्या वरच्या त्याच जोडातून पांढरे बुडबुडे निघत होते. आता तोंड दाबल्यामुळे धूर बाहेर येत होता; एरवी त्याच फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती, आणि सेन्सर बिचारा ती गाडीचीच हवा समजून मोजत होता.

"हा जोड तूच बंद केलास ना?" मी विचारलं. "काय लावलंस?"

दिगू हात पुसत बाहेर सरकला. मग म्हणाला, "राळ आन कापूस."

आता कळलं धूप कुठला ते. सुमनच्या भावानं होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवायला राळ आणली होती. त्यातली थोडी यानं मागून घेतली, कापसात मळली आणि नळीच्या जोडात ठोकली. पहिल्याच तापात जळून गेली.

"दर्या आत शिरत नाय तिच्यातून," दिगू म्हणाला. "मला वाटलं, हवेची काय बिशाद."

सुमन इतकी हसली की गुडघे धरून बसली. "जलमभर मीटर सांभाळले आन चुलीत राळ घातली. माझ्या भावाला सांगू नका, वयनी, तो होडीत गाडीचं पॅकिंग घालील."

दुसऱ्या दिवशी जोडात तांब्याचं पॅकिंग बसलं. वाढवलेलं पेट्रोल कमी केलं. आकडा उतरत उतरत चौदा-सातवर आला आणि तिथेच राहिला. काळा धूर गेला. मला वाटलं, आता हा पेढे वाटेल.

दुपारी भांडी घासत होते, तर कुंपणापलीकडे वेगळंच चाललेलं. दिगूनं दोरीवरची सुमनची हिरवी साडी काढली, गाडीच्या मागच्या सीटवर नीट पसरली, काचा वर केल्या आणि समुद्रापर्यंत फेरी मारून आला. मग साडी काढून नाकाला लावून उभा राहिला.

"काय रं, मीटर बिघडला?"

तो दचकला. "मीटर धूर मोजतो, वयनी. तिचं नाक नाय मोजत." मग साडी कुंपणावरून माझ्याकडे दिली. "तुमी बगा हुंगून. माझं नाक पेट्रोलनं मेलंय."

मी हुंगली. साबणाचा वास होता, आणि थोडा सुक्या बोंबलांचा.

"सुमनचा वास येतोय," मी म्हटलं.

"तेवढाच?"

"तेवढाच."

त्यानं साडीची घडी घातली. मला वाटतं, घडी घालायला इतका वेळ लागत नाही.

पुनवेला आम्ही तिघं निघालो. सुमनला पाय पसरता यावेत म्हणून ती मागे, मांडीवर आरतीचं ताट. मी पुढे, मीटरसमोर. नाका गेला. बोईसर आलं. सुमन उघड्या काचेतून बघत बोलत होती, हे दुकान कधी झालं, ते झाड कुठं गेलं, आणि उलटीची आठवण तिला नव्हती. नवापूरला भाऊ रस्त्यावरच उभा होता. रेतीवर तिला मी आणि भावानं धरलं, तिनं होडीला ओवाळलं, नारळ फुटला, आणि उधाणानं होडी अलगद उचलून घेतली.

दिगू गाडीला टेकून लांब उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"येताना आकडा किती होता रं?"

"नाय बगितला," दिगू म्हणाला.

मला ते ठाऊकच होतं. रस्ताभर मी त्याच्या बाजूला बसले होते. समोरचा आरसा त्यानं इतका खाली वळवलेला की मागचा रस्ता त्यात दिसतच नव्हता. आरती सांभाळणारी सुमन तेवढी दिसत होती. बोईसरच्या चौकात मागून कोण हॉर्न वाजवत होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.