काकूंच्या चाफ्याचा मारेकरी

असा शोधक शंभर वर्षांतून एकदाच जन्माला येतो, आणि या शंभरातला तो नेमका आपल्याच इमारतीत राहतो, याची शेजाऱ्यांना काडीची कदर नाही, ही बॅटरीरावांची जुनी तक्रार होती. आयुष्यभर त्यांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. अंधाऱ्या कोपऱ्यांत डोकं घालता घालता हाती आलेली बॅटरी निवृत्तीनंतरही सुटली नाही. भर दुपारीसुद्धा ते ती लावूनच बघत. तीक्ष्ण नजर, पोलादी तर्क आणि मांजराची चाल, असं ते स्वतःचं वर्णन करीत. चालीबद्दल बायकोचं मत वेगळं होतं, कारण ते जिन्यात पोचण्याआधी त्यांच्या गुडघ्यांची करकर पोचायची. मागे हरवलेल्या चपलेसाठी त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यावर आठवडाभर पाळत ठेवली आणि चप्पल पलंगाखाली निघाली. हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसत.

वरच्या मजल्यावरच्या काकू लेकीकडे बाळ बघायला निघाल्या, तेव्हा गच्चीतल्या कुंड्या त्यांनी बॅटरीरावांच्या हवाली केल्या.

"बाकीच्यांचं एवढं काही नाही हो," काकू म्हणाल्या, "पण चाफा सांभाळा. ह्यांनी लावलेला आहे."

काका गेल्यापासून काकू रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या कुंडीशेजारी बसत आणि दोन शब्द बोलत. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि त्यावर कोणी कधी थट्टा केली नव्हती. काकूंनी पुढची सूचना द्यायला तोंड उघडलं, तोच बॅटरीरावांनी हात वर केला. "काही सांगू नका. उभा जन्म पाण्यात गेलाय माझा."

थंडी पडली आणि चाफ्याची पानं पिवळी होऊन गळू लागली. एके सकाळी बॅटरीराव गच्चीवर गेले, तर एकही पान शिल्लक नाही. ते तसेच पांढऱ्याफटक चेहऱ्याने खाली आले.

"खून!"

बायको धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. "कोणाचा?"

"अजून पुरता झालेला नाही. चालू आहे."

तर्काचं चक्र फिरू लागलं. पानं देठाजवळ अगदी स्वच्छ तुटली होती. स्वच्छ तुटणं म्हणजे कात्री, आणि कात्री म्हणजे तळमजल्यावरचे शिंपीमास्तर.

"काल दुपारी कुठे होता?" बॅटरीरावांनी मास्तरांच्या तोंडावर उजेड मारला.

"मशीनवर."

"साक्षीदार?"

"तुमची पँट. कमरेत ढिली करायला टाकलीय ना तुम्ही? सगळ्यांसमोर सांगू का किती ती?"

तपास तिथून तातडीने पहिल्या मजल्यावर सरकला. तिथे राहणाऱ्या शाळेच्या बाईंचं आणि काकूंचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून एकदा वाजलं होतं. शिवाय बाईंची शेवंती या थंडीत नुसती डवरली होती. एकीची शेवंती फुलते आणि दुसरीचा चाफा वाळतो, यात फायदा कोणाचा? प्रश्न बिनतोड होता. बाईंनी मात्र त्याला उत्तर न देता दार लावून घेतलं, आणि बॅटरीरावांनी ही कबुलीच धरली.

खरा धागा मिळाला तो मातीत. आजारी झाड म्हणून बॅटरीराव सकाळी तांब्याभर पाणी घालत आणि संध्याकाळी, दुखण्याला उतार पडावा म्हणून, आणखी तांब्याभर. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर कुंडीत चिखल! याचा अर्थ एकच. पहाटे कोणीतरी येऊन विष ओतत होतं.

उजाडायच्या सुमाराला शाल पांघरून नि कानटोपी घालून ते टाकीमागे दबा धरून बसले. थंडी मी म्हणत होती. थोड्या वेळाने शिंपीमास्तर पाण्याचा मग घेऊन आले, चोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि तो कुंडीत रिकामा केला. ते वळतात न वळतात तोच बाई बादली घेऊन हजर. त्यांच्या मागोमाग पातेलं सांभाळत तिसरी व्यक्ती आली. ती बॅटरीरावांची बायको होती.

"हलू नकोस!" ते गरजले. हलता येत नव्हतं ते त्यांनाच. गुडघे आखडले होते. मास्तर आणि बायको, दोघांनी मिळून त्यांना ओढून उभं केलं.

"पातेल्यात काय आहे?"

"भाजी धुतलेलं पाणी. बिचारं उघडंबोडकं उभं आहे, बघवत नाही. तुम्ही तपासात. म्हटलं, पाणी कोण घालणार?"

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या. मास्तरांनी नुसती मान हलवली.

"म्हणजे तुम्ही सगळे निर्दोष!" बॅटरीरावांचा आवाज चढला. "म्हणजे विष टाकीत आहे!" आणि ते झाकण उघडून टाकीत बॅटरी मारू लागले.

"टाकीत काय पडलंय?"

दारात काकू उभ्या होत्या, हातात पिशवी. लेक-बाळ खुशाल होती आणि त्या ठरल्याआधीच परतल्या होत्या. त्यांची नजर चाफ्यावर गेली, तिथून मगावर, बादलीवर, पातेल्यावर. त्यांनी खोड बोटांनी दाबून पाहिलं. बुंध्याशी ते मऊ पडलं होतं.

"पाणी कोणी घातलं याला?"

भांडी पाठीमागे गेली. बॅटरीरावांना वाटलं, गच्चीने आपल्याला पोटात घ्यावं. ते पुढे आले. "मी, काकू. सगळ्यात आधी मी, आणि सगळ्यात जास्तही मीच."

"अहो, दर थंडीत चाफा पानं टाकतो आणि झोपतो. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कोणी पाणी ओततं का?"

काकूंनी सुरी मागवली आणि कुजलेल्या भागाच्या वर खोड कापलं. बॅटरीरावांनी उजेड धरला. कापल्या जागी पांढरा चीक टचकन वर आला.

"आहे," काकू म्हणाल्या. "जिवंत आहे." आणि तिथेच बसून त्या रडल्या. बॅटरीरावही रडले, पण थंडीचं नाव सांगून.

कापलेल्या वरच्या फांदीची जखम वाळू द्यायची, मग कोरड्या मातीत रोवायची, पालवी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, असं काकूंनी बजावलं.

"तोवर मी करायचं काय?"

"काही नाही. वर ठेवला तर हे लोक पुन्हा मग-बादल्या घेऊन येतील. तुमच्या खिडकीत ठेवा आणि पाळत ठेवा."

इतकी अवघड कामगिरी त्यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती. मास्तरांना त्यांनी दारातून परत पाठवलं, बाईंची बादली दोनदा जप्त केली. स्वतःचा हात मात्र रोज तांब्याकडे जायचा आणि रोज तो त्यांना स्वतःच धरावा लागायचा. काकू आता चहा घेऊन त्यांच्या खिडकीपाशी येत. बोलणं चाफ्याशी असे, तरी बॅटरीराव मान खाली घालून ऐकत.

थंडी ओसरली. एका सकाळी ते खुर्चीत, पहाऱ्यावरच, तोंड उघडं टाकून घोरत होते. बायकोने खांदा हलवला. काकू शेजारी उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून हसत. फांदीच्या टोकाला हिरवं काहीतरी फुटलं होतं.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "तुमच्या आधी तो उठला."