नावानं हाक मारणारे परबकाका

आमच्या परबकाकांची एक सवय सांगते, तुम्हाला खोटं वाटेल. दौडीच्या आधी तीन दिवस ते कोणाशी बोलत नाहीत. दूधवाल्यालासुद्धा चिठ्ठी. का, तर "वर्साचो आवाज तो, असोच कित्याक खर्चूचो?"

काका साकीनाक्याच्या वर्कशॉपातले रिटायर्ड फिटर. लग्न केलं नाही, एकटेच राहतात. शहराची दौड दर वर्षी मुलुंडला आमच्या सोसायटीपुढून जाते. धावणाऱ्यांच्या छातीवर नंबर असतो, खाली नाव. काका फुटपाथवर स्टुलावर चढून ती नावं वाचतात आणि हाका मारतात. "फातिमा, पाय उचल गो." "रमेश, पोट आत घे रे." अनोळखी माणसं दचकतात, हसतात आणि खरंच जोरात धावतात. फक्त पहिल्या नंबरवाल्यांवर काकांचा राग. "इतक्या जोरात धावतत, माणसाची वळख कशी व्हतली?"

सुरुवातीला शे-दोनशे जण धावायचे, चहाच्या वेळेपर्यंत नावं संपायची. आता रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यांनी भरतो. नऊवारीतल्या आज्या, सोबत्याच्या हातातली दोरी धरून धावणारे आंधळे. कोणी मागे लागलेलं नसताना एवढी माणसं पहाटे उठून धावतात, हे बघून दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो. काका डगमगले नाहीत. त्यांनी उंच स्टूल घेतलं.

यंदा नेमकी काकांना सर्दी झाली. स्टुलावर चढून काकांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, तुम्ही बोट दाखवा, मी ओरडते. पण माझ्या ओरडण्याकडे कोण बघतंय?

तेवढ्यात एक बाई थांबली. सेकंद मोजणारी माणसं ही, थांबत नाहीत.

"काका, गेल्या वर्षी मी इथे सोडून देणार होते. तुम्ही हाक मारलीत म्हणून पोचले. आज गप्प का?"

"घसा बसलाय त्यांचा," मी म्हटलं.

"नाव काय यांचं?"

आणि मला 'परब' सोडून काही सांगता येईना. वीस वर्षं शेजारी राहते, लाज वाटली. काकांनीच खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं, दत्ताराम.

"झकास, दत्ताराम!" ती ओरडली आणि पळाली. मागच्यांनी ते उचललं, त्यांच्या मागच्यांनीही. अख्खा रस्ता दत्ताराम, दत्ताराम करत गेला. काका स्टुलावरून उतरून त्याच्यावरच बसले.

रस्ता रिकामा झाल्यावर त्यांनी मला आणखी एक चिठ्ठी दिली. "आई गेली, त्याका तीस वर्षां झाली. नावान हाक तेच्यानंतर आजच."

"चला दत्तारामकाका," मी म्हटलं, "चहा टाकते."