साऱ्या राजुऱ्याचं वॉफल

मला चक्कीवाल्या जुबेदाबाईंनी मदत केली, हे आधी लिहिते. काय झालं ते मागून सांगते, कारण सांगताना माझा गोंधळ उडतो आणि ज्यांचं नाव घ्यायचं तेच राहून जातं.

राजुऱ्यात आमच्या खोलीच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची चक्की आहे. तुम्ही दळण घेऊन गेलात तर त्या तुमच्याकडे बघत नाहीत. आधी डब्यात हात घालतात, चार दाणे दाताखाली फोडतात आणि डोळे मिटून तुमच्या घरचं सांगायला लागतात. "सासू गावाले गेली वाटते. गहू निवडलाच नाई." एका मास्तरांना म्हणाल्या, "ज्वारी वल्ली हाय. छत गळून राह्यलं का?" मास्तर चपापले, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून विचारायला लागले. "ज्वारीनं," असं म्हणून जुबेदाबाईंनी चक्कीचं बटण दाबलं.

दळून झालं तरी पीठ लगेच मिळत नाही. गरम पिठावर झाकण लावलेलं त्यांना खपत नाही. "आधी थंड होऊ दे." हे त्या पिठाला म्हणतात, चहाला म्हणतात आणि भांडून आलेल्या माणसालाही म्हणतात. एकदा एक बाई जावेची तक्रार सांगत आली. जुबेदाबाईंनी तिला तिच्याच डब्याशेजारी स्टुलावर बसवलं. पीठ थंड झालं तेव्हा बाईही उठून घरी गेली, तक्रार तिथंच राहिली.

मी बीडकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला इथल्या कोळसा खाणीवर डंपर चालवायचं काम लागलं म्हणून एवढ्या लांब आले. पहिल्यांदा चक्कीवर गेले तर जुबेदाबाई म्हणाल्या, "काऊन उभी राह्यली?" मला वाटलं रागावल्या; 'काऊन' म्हणजे नुसतं 'का', हे मला कुठं माहीत. मी डबा उचलून परत निघाले. त्यांनी हाताला धरून आत घेतलं. डब्यात आईनं एसटीतून पाठवलेली बाजरी होती. इथं बाजरी कोणी खात नाही. त्यांनी चार दाणे फोडले, पुन्हा चार घेतले, आणि आता माझ्या घरचं काय सांगतात म्हणून मी घाबरून उभी. त्यांनी स्टूल तेवढं माझ्याकडे सरकवलं.

पुढे मी एका मॅडमकडे स्वयंपाकाला लागले. महिनाभर बघू आणि मग कायम, असं त्यांनी सांगितलं. माझ्याआधी तिघी येऊन गेल्या होत्या. काम टिकलं नाही तर मी गावी परत जायचं आणि नवऱ्यानं खाणीवरच्या चौघांबरोबर खोलीत राहायचं, असं आमचं ठरलं होतं. म्हणून मॅडम जे विचारतील त्याला मी "येतं" म्हणायची. वॉफल येतं का, असं विचारलं तेव्हाही येतं म्हणाले.

वॉफल म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं कळलेलं नाही. मॅडमनी नागपूरहून यंत्र आणलं होतं. ते जाड वहीसारखं उघडतं, आत दोन्हीकडे चौकोनच चौकोन. पीठ कालवून ओतायचं, वही मिटायची, आणि खड्ड्याखड्ड्यांची वस्तू बाहेर येते. नाश्त्याला खातात पण पोळी नाही, गोडासारखी दिसते पण मिठाई नाही. त्यात मॅडमच्या साहेबांना शुगर. म्हणजे मैदा नको, साखर नको, सगळं धान्य सालासकट पाहिजे. मॅडमनी एक पाकीट दिलं. त्यावर सगळं इंग्रजी. मला त्यातली गव्हाची ओंबी तेवढी वाचता आली.

वॉफलच्या पहिल्या रविवारी झाकण उघडलं तर अर्धं वॉफल वर चिकटलं होतं आणि अर्धं खाली. दुसरं अख्खं निघालं. साहेबांनी ते काट्यानं टोचलं, मग सुरीनं कापून बघितलं, शेवटी हातात घेऊन टेबलावर वाजवलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, पुढच्या रविवारी बघू, नाही जमलं तर राहू दे. राहू दे कोणाला, वॉफलला की मला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी पाकीट घेऊन चक्कीवर गेले. जुबेदाबाईंनी चिमूटभर तोंडात टाकलं. डोळे मिटले, उघडले, पुन्हा चिमूट घेतली. पहिल्यांदाच त्यांना काही सांगता येईना.

"हे कोनाच्या घरचं हाय?"

"कोणाच्याच नाही. पाकिटातलं आहे."

"तरीच. मले वाटलं माही जीभ गेली."

मग वॉफलचं सगळं विचारून घेतलं. मी जमेल तसं हातवारे करून सांगितलं.

"त्याले खड्डे कायले?"

"मध राहायला. पण साहेबांना मध बंद आहे."

"मंग खड्डे कायले?"

त्यांनी फळीखालून पितळी डबा काढला आणि त्यातलं सगळं पीठ माझ्या पिशवीत ओतलं. म्हणाल्या, हे घे, दह्यात भिजव, मीठ आन् तेल घाल, तासभर झाकून ठेव, वाफ निघते तोवर उघडून पाहू नको. त्यांनी ते यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी वॉफल निघालं ते कडेनं कुरकुरीत, आत मऊ, चौकोन न् चौकोन उठलेला. खड्ड्यांचा प्रश्न साहेबांनीच सोडवला. त्यांत जवसाची चटणी भरून तीन खाल्ली. मॅडमनी प्रमाण विचारलं. मी म्हणाले, अंदाजानं केलं.

पुढच्या रविवारसाठी पुन्हा डब्यातलं पीठ आणलं. या वेळी वॉफल चांगलंच झालं, पण रंग वेगळा, चव वेगळी. मॅडम एकेक घास सावकाश खात होत्या. म्हणाल्या, मागच्यासारखं नाही, तू काहीतरी लपवतेस. मी काय लपवतेय ते मलाच ठाऊक नव्हतं. महिना संपायला चार दिवस उरले होते. सोमवारी मॅडम वही-पेन घेऊन माझ्याबरोबर चक्कीवर आल्या.

जुबेदाबाईंनी डबा उघडला, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "लिवा. सराफाचा गहू दोन मुठी. मास्तरची ज्वारी एक मूठ. तांदूळ गोंडपिपरीवाल्या वैनीचा. तिच्या घरी लगन हाय, म्हून तो जास्त पडला. चन्याची दाळ पोस्टमनची. त्याची बायको दाळ भाजून आनते, चांगली हाय ती."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "हे प्रमाण आहे की गावाची यादी?"

तेव्हा मला कळलं. चक्कीच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधलेली असते. दळण झालं की तिच्यात प्रत्येकाचं थोडं पीठ अडकून राहतं. जुबेदाबाई संध्याकाळी ती पिशवी झटकतात. जमिनीवर पडलेलं कोंबड्यांना, पिशवीतलं या डब्यात. म्हणजे मी शुगरच्या साहेबांना दोन रविवार चक्कीचं झटकलेलं पीठ खाऊ घातलं होतं. कपडे कोणत्या पिशवीत भरायचे, इथपर्यंत माझा विचार गेला.

मॅडमनी विचारलं, हे तुम्ही कशाला साठवता?

"साठवत नाई. खाते. रोजच्या दोन रोट्या होतेत."

"आणि हिला सगळं दिलंत तेव्हा काय खाल्लंत?"

जुबेदाबाई फडक्यानं चक्की पुसायला लागल्या. चक्की स्वच्छच होती. "चाय-टोस होते ना. दोन-चार दिवसानं काई होत नाई."

मी म्हणाले, बाई, मला सांगायचं तरी. घरात गहू नव्हता का?

"पोतं भरून हाय. हे होते तवा घरचं दळत होतो. आता एकटीसाठी चक्की चालू करावं नाई वाटत." मग फडकं झटकून म्हणाल्या, "याच्यात बरं वाटते. आज सराफाकडं, उद्या मास्तरकडं. पाहुनी गेल्यावानी."

मॅडमनी डब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. यातलं खमंग लागतं ते काय, असं त्यांनी विचारलं.

"हिची बाजरी, मागच्या हप्त्यात दळलेली. हिच्या मायनं निवडलेली. एक खडा नाई."

माझ्या आईची बाजरी साहेबांच्या ताटात जाऊन आली होती आणि मला पत्ता नव्हता. कुठं बघावं कळेना, म्हणून मी वजनकाट्याकडे बघत राहिले. मॅडम काहीतरी बोलणार होत्या.

"आता नका बोलू, मॅडम. आधी थंड होऊ दे."

आणि मॅडम खरंच स्टुलावर बसल्या.

मग उठल्या आणि वही मिटून निघून गेल्या. काम राहिलं की गेलं, रात्रभर मला काही उमगलं नाही. सकाळी कामावर गेले तर ओट्यावर गव्हाचा डबा ठेवलेला. मॅडम म्हणाल्या, यापुढे पाकीट आणायचं नाही, हे दळून आण. आणि नीट निवडून ने, नाहीतर त्या बाई माझ्याबद्दल काय सांगतील.

काम कायम झालं. वॉफल दर रविवारी वेगळं होतं, आता त्याचं प्रमाण कोणी विचारत नाही. डब्यातलं पीठ मी मुठीनंच घेते, तेही जुबेदाबाईंच्या दोन रोट्यांचं बाजूला काढून.

आईला फोनवर सांगून ठेवलंय. एक दिवस मी जुबेदाबाईंना आमच्या गावी नेणार आहे. चुलीपुढं पाटावर बसवून एकाच घरच्या पिठाची भाकरी त्यांना वाढणार आहे. आणि ती थंड होऊ द्यायची नाही, हे आधीच बजावणार आहे.