येमाईची चकती

साधनाच्या प्रोग्राममधली येमाई काहीच काम करत नाही, असं पुण्याहून आलेल्या धनश्री मॅडमनी सांगितलं, तेव्हा शिरूरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सगळं एकदम गप्प झालं. पंखासुद्धा थांबला. अर्थात, तो लाईट गेल्यामुळे थांबला होता.

"काम करत न्हाई म्हंजी?" मल्हारीआबांनी विचारलं.

"म्हणजे तिला कुणीच हाक मारत नाही, आबा. नुसती बसून आहे."

"देव बसूनच असत्यात की, बाई."

आबांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. आबा मात्र फुलांचे टेम्पो पुण्याच्या मंडईत धाडत होते. गावोगावचे शेतकरी फोन करायचे, ऑफिसातला खंडू ते कॉम्प्युटरवर चढवायचा आणि कुठला टेम्पो कुठल्या गावाला जाणार, हे साधनाने लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा. आता पुण्याची एक कंपनी आपल्या भाजीच्या गाड्यांसाठी तोच प्रोग्राम घेणार होती. अट एकच होती. आतलं लिखाण स्वच्छ हवं, उद्या दुसऱ्या कुणालाही ते सांभाळता आलं पाहिजे. तेच तपासायला कंपनीने धनश्रीला धाडलं होतं.

"ह्यात पास झालीस ना पोरी, तर आपलं ऑफिस शिरूरातनं हलत न्हाई," आबांनी साधनाला शब्द दिला होता. साधनाला तेवढंच हवं होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना टाकून ती कुठे जाणार? तिने त्यासाठी सोमवारच्या उपासात साबुदाणाही सोडला होता.

अडचण नावांची होती. चार वर्षांपूर्वी प्रोग्राम लिहायला बसली, तेव्हा साधनाने प्रत्येक भागाला देवाचं नाव दिलं होतं. दिवसभर टाइप करायचंच आहे, तर तेवढंच नामस्मरण होईल, हा त्यामागचा साधा हिशेब. मुख्य काम खंडोबा बघायचा. राहू गावचा टेम्पो शंभूकडे होता आणि कवठे येमाईसाठी अर्थातच येमाई होती.

"नावांचं राहू द्या," धनश्री हसून म्हणाली. ती वयाने लहान होती, पण कुठे बोट ठेवायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. "पण साधनाताई, कुठला भाग कशासाठी आहे, हे एका ओळीतसुद्धा लिहिलेलं नाही. टिपा का नाहीत?"

साधना खाली बघत राहिली. "केलेलं बोलून दाखवू नये, असं मला वाटतं. त्याचं पुण्य राहत नाही."

धनश्रीने हे कुठल्या रकान्यात लिहावं याचा थोडा विचार केला आणि शेवटी पेनाचं टोपण लावलं. "बरं. पण येमाई काढून टाका."

हे ऐकून पलीकडचा खंडू फोन तसाच ठेवून उठला. तो कवठे येमाईचाच. "डिलीट? येमाईला? मॅडम, मला गावात घेतील का? माझी आई मला डिलीट करंल!"

लाईट आल्यावर साधनाने डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग आधी नाव बदलू आणि मग पुसू, असं धनश्रीने सुचवलं आणि ‘एफ वन’ लिहून दाखवलं. आबांनी ते दोनदा वाचलं. "देवीला एफ वन म्हणायचं? व्हय?"

तोडगा आबांनीच काढला. देव्हाऱ्यातला टाक झिजला की आपण तो फेकतो का? नदीत सोडतो. मग येमाईलाही रीतसर सोडायचं. ती एका सीडीवर उतरवायची, हळदकुंकू वाहायचं आणि घोडनदीत विसर्जन करायचं. धनश्रीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिची पुण्याची एसटी चुकत होती.

अनंतचतुर्दशीला घाटावर ही गर्दी. साधनाने भंडारा लावलेली सीडी ताटात घेतली होती. वर तिच्याच अक्षरात ‘येमाई’ असं पक्क्या शाईत लिहिलेलं.

"गणपती कुठाय तुमचा?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"देवी हाय," खंडू म्हणाला.

म्हाताऱ्याने ताटात वाकून पाहिलं. "लईच बारीक झाली!"

सीडी पाण्यात गेली. साधनाचे डोळे भरून आले. ऑफिसात परतल्यावर तिने कॉम्प्युटरवरची येमाई पुसली, पेनड्राइव्हवरची पुसली, कपाटातल्या जुन्या सीड्याही मोडून टाकल्या. खंडू म्हणाला, "ताई, एखादी कॉपी ऱ्हाऊ द्या की."

"घरात ठेवून घेतलं तर ते विसर्जन कसलं, खंडूदादा?"

खंडूने मोडलेल्या सीड्यांचे तुकडे गोळा करून डब्यात टाकले. यावर धनश्रीजवळ उत्तर असतं, पण ती पुण्यात होती आणि तिने सगळं इथेच बसून तपासलं होतं, सोबत काही नेलं नव्हतं.

पितृपक्ष सरला, घट बसले, तरी कुठे काही बिघडलं नाही. साधनाला वाटलं, देवीने रागावून न घेता निरोप घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. राहूच्या शेवंताबाई होत्या.

"आरं खंडू, माझ्या दोन पाट्या शेवंती हाय, आन् दारात समदे टेम्पो येऊन उभे! गल्लीत बैल न्यायला जागा न्हाई. मागून वऱ्हाड येतंय का काय?"

खंडू हसतोय तोवर दुसरा फोन वाजला. कवठ्याच्या कुशाबाई. त्या हसत नव्हत्या. "पोत्यांनी झेंडू तोडून रस्त्याला मांडलाय. एक टेम्पो फिरकला न्हाई. उद्या दसरा हाय का पुढल्या साली?"

साधनाने स्क्रीन पाहिला आणि सणांचा तक्ता उघडला. तिला आत्ता आठवलं. कवठ्याला वर्षभर एकच टेम्पो पुरायचा आणि ते खंडोबा बघायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र सगळा झेंडू एकदम निघतो, म्हणून त्या एका दिवसापुरती तिने येमाई लिहिली होती. त्या दिवशी खंडोबा सणांच्या तक्त्यातून नाव वाचायचा आणि येमाईला हाक मारायचा. एरवी ती हाक कुठेच दिसत नसे, म्हणून धनश्रीलाही सापडली नव्हती. आज खंडोबाने हाक मारली, येमाई मिळाली नाही, म्हणून त्याने सगळे टेम्पो पुढच्या देवाकडे लावून दिले. पुढचा होता शंभू.

एक ओळ. एवढी एक ओळ वर लिहून ठेवली असती, तर धनश्रीनेच हात जोडून सांगितलं असतं, की हिला हलवू नका.

"परत लिही की," आबा घाईने म्हणाले.

"लिहीन आबा, पण किती पोत्यांना किती टेम्पो, कुणाचं शेत आधी, हे सगळं तिच्यातच होतं."

आबांनी खंडूला नदीवर पिटाळलं आणि स्वतः ड्रायव्हरांना फोन लावत सुटले. पण राहू कुठे, कवठे कुठे! वाटेत शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकलेले. टेम्पो पोचले तेव्हा मंडईची वेळ टळून गेली होती. खंडू गुडघ्यापर्यंत भिजून आला. "नारळ घावला. देवी न्हाई."

दसऱ्याला साधना माफी मागायला कवठ्याला गेली. देवळाला झेंडू, शाळेला झेंडू, हापशाला झेंडू, उकिरड्याच्या कडेला बांधलेल्या म्हशीच्या शिंगांनाही झेंडू. कुशाबाईंनी तिला बसायला पाट दिला, चहा दिला आणि म्हणाल्या, "असा दसरा आमच्या गावानं कवा बगितला न्हवता, बाई." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर साधनाला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तिने नवा नेम धरला. आंघोळ, पूजा, मग कॉम्प्युटरपुढे बसून प्रोग्रामच्या एका भागावर टीप लिहायची, त्याशिवाय पाणी प्यायचं नाही. कुठला देव काय करतो, कधी जागा होतो, कुणाला हाक मारतो, सगळं सोप्या मराठीत. कवठ्याच्या एकेका घरी जाऊन माहिती आणली आणि येमाई नव्याने लिहिली. तिच्यावर टीप घातली : ‘ही वर्षातून एकदाच कामाला येते. रिकामी समजू नये.’

दिवाळीनंतर धनश्री पुन्हा आली. दुपारभर वाचत बसली आणि शेवटी चष्मा काढून म्हणाली, "साधनाताई, इतकं स्वच्छ काम मी आमच्याकडेही पाहिलं नाही. आता हे कुणीही सांभाळू शकेल."

पास! आबांनी पेढे मागवले. सासूबाईंनी घरी देवापुढे साखर ठेवली.

महिनाभराने कंपनीचा निरोप आला. प्रोग्राम घेतला, टेम्पोही घेतले. काम इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे, की पुण्यातली मुलंच ते बघतील. शिरूरला वेगळं ऑफिस ठेवायची गरज उरलेली नाही.

"मी त्यांला लई सांगितलं," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्ये म्हणले, समदं लिवलंय की बाईंनी. आता बाई कशाला?"

मार्गशीर्षातल्या गुरुवारी साधना नदीवर गेली. काठाने चालताना एका ज्वारीच्या रानात काहीतरी लखकन चमकलं. काठीला सुतळीने टांगलेली एक चकती वाऱ्यावर गरगरत होती. ती जवळ गेली. ओरखड्यांच्या मधून तिचंच अक्षर वाचता येत होतं. वर कुणीतरी ताजं कुंकू लावलेलं.

"हात नको लावू गं!" बांधावरून रंगुबाई ओरडल्या. रान त्यांचं होतं. "नदीत घावली. टांगल्यापासनं एक पाखरू कणसाला बसलं न्हाई. तुझी हाय का?"

साधनाने चकतीकडे पाहिलं. हिच्यातलं आता कुठलाच कॉम्प्युटर वाचू शकणार नव्हता.

"माझ्याकडे होती," ती हळूच म्हणाली. "तिथे ती बसून आहे, असं वाटलं होतं."

"बसून? दिसभर फिरती की! घडीची उसंत न्हाई तिला."

साधनाने चप्पल काढली, हात जोडले आणि घरी निघाली. दोघींपैकी एकीला तरी काम लागलं होतं.