अखंड सेवेचा शंभरावा दिवस

स्वारगेटजवळच्या ‘आरोग्यदीप’ या औषधांच्या घाऊक पेढीत सिस्टीम बंद पडली की मालक आप्पासाहेब आधी भिंतीवरच्या गणपतीकडे बघत आणि मग कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कल्याणीकडे. गणपती जागचा हलत नसल्यामुळे पुढचं सगळं कल्याणीला करावं लागे. सिस्टीम बंद म्हणजे बिल बंद, बिल बंद म्हणजे मालाची खोकी जागच्या जागी, आणि मग शहरभरातले औषध दुकानदार एकाच वेळी फोन करत.

ती पुन्हा चालू करायची कृती सात पायऱ्यांची होती. कल्याणीनं ती स्वच्छ मराठीत लिहून सर्व्हरच्या खोलीच्या दारावर चार वर्षांपूर्वीच चिकटवली होती. पण दारावरची सूचना नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी असते, अशी पेढीतल्या प्रत्येकाची खात्री होती. परिणामी चार वर्षांत कल्याणीला सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा मिळाली नव्हती. तिकडे विश्रांतवाडीत तिची आई शालनताई बोधगयेला जायची बॅग दोनदा भरून दोनदा रिकामी करून बसली होती. “तुझं मशीन बरं आहे ना गं?” असं ती रोज विचारायची, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं तसं.

दिवाळीच्या गर्दीत सिस्टीम एका आठवड्यात तीनदा पडली, तेव्हा आप्पासाहेबांनी बाणेरहून विश्वजीत नावाचा सल्लागार आणला. त्यानं पडद्यावर लाल रंगाचे उतरते आलेख दाखवले.

“सर, अनप्लॅन्ड डाउनटाइमचा लॉस सायलेंट असतो. तो दिसत नाही.”

“आमच्याकडचा फोन करून बोलतो,” आप्पासाहेब म्हणाले.

विश्वजीतच्या मते बंद पडण्याचे दोन प्रकार होते. दोन दिवस आधी लेखी कळवून बंद ठेवलं तर ते नियोजित. दुकानदार आधीच माल उचलतात, नुकसान किरकोळ. न कळवता बंद पडलं तर अनियोजित, आणि खरा खिसा तिथं फाटतो. म्हणून त्यानं दर्शनी भागात एक फळा लावून घेतला, ‘अनियोजित बंदविना दिवस’, आणि पुढं आकड्याला जागा. बंद पडलं की आकडा शून्य.

आप्पासाहेबांना फळा आवडला. त्यांनी कल्याणीची रजाच त्याला टांगली. “शंभर दिवस सलग चालवून दाखव. एकशे एकाव्या दिवशी आईला घेऊन खुशाल जा, बारा दिवस. मधे पडली तर पुन्हा एकपासून.”

कल्याणीनं त्या रात्रीच कॅलेंडरवर एकशे एकाव्या दिवसाला खूण केली आणि बुकिंग उघडताच त्या दिवसाची रेल्वेची तिकिटं काढली. मग तिनं उंदरांची बिळं बुजवली, सर्व्हरच्या खोलीत चहाला बंदी केली आणि लाल रंगाच्या प्लगपॉइंटवर ‘फक्त कॉम्प्युटरसाठी’ असं लिहिलं. दहा झाले, चाळीस झाले, नव्वद झाले. शालनताईंनी बॅग तिसऱ्यांदा भरली.

त्र्याण्णवाव्या दिवशी आप्पासाहेबांनी जाहीर केलं की शंभराव्या दिवशी कल्याणीचा सत्कार होणार.

“सर, नको ना. चालू आहे तर चालू राहू दे.”

“अगं, बंद पडल्यावर कुणीही चार माणसं गोळा करतो. चालू असताना करायला मोठं मन लागतं.”

मोठ्या मनाची व्यवस्था मॅनेजर सुदर्शनकडे आली. त्यानं गोदामाच्या उद्घाटनाची जुनी पत्रिका छापखान्यात दिली, वरचं बदला आणि खालच्या ओळी तशाच ठेवा म्हणाला, आणि साडेतीनशे दुकानदारांना पाठवून मोकळा झाला. पत्रिकेत लोक वेळ बघतात आणि भोजन आहे का ते बघतात. त्याखाली काय छापलंय ते सुदर्शननंही पाहिलं नव्हतं. प्रमुख पाहुण्या म्हणून विजयमालाबाई ठरल्या. आप्पासाहेबांच्या फार्मसी कॉलेजच्या त्या निवृत्त प्राचार्या. आप्पासाहेब साठीचे झाले तरी त्यांच्यापुढं शर्टाचं वरचं बटण लावत.

शंभरावा दिवस मार्चच्या मध्यावर आला. मांडव घालून झाला, मांडववाल्या राकेशनं स्पीकर जोडले. कल्याणीनं त्याला तीनदा बजावलं होतं की लाल पॉइंटला हात लावायचा नाही. “मॅडम, आपली लाइन एकदम वेगळी,” असं त्यानंही तीनदा सांगितलं होतं.

विजयमालाबाई आल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. म्हणून एक मोठा कूलर लागला. कूलरच्या वाऱ्यानं समई विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. विझलेल्या समईपुढं सत्कार बरा दिसणार नाही म्हणून राकेशनं विजेवरची समई आणली. तिला पॉइंट उरला नव्हता. त्यानं कूलरचा प्लग काढून तिथं समई लावली आणि कूलरची वायर उचलून तो बेताबेतानं सर्व्हरच्या खोलीकडे निघाला.

कल्याणी हे सगळं व्यासपीठावरून बघत होती. तिच्या खांद्यावर शाल होती, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हत्तीच्या कानाएवढा पुष्पगुच्छ, आणि बाईंचं भाषण सुरू झालेलं. तिनं भुवयांनी सुदर्शनला खुणावलं. सुदर्शननं तिला पाणी आणून दिलं. तिनं मानेनं दाराकडे दाखवलं. सुदर्शननं फोटोग्राफरला त्या बाजूनं फोटो काढायला सांगितलं.

कूलर पुन्हा घरघरू लागला आणि आतून यूपीएसची, म्हणजे सर्व्हरच्या बॅटरीची, पिपाणी वाजू लागली. पीं, पीं, पीं.

विजयमालाबाई थांबल्या. “आप्पा, वेळ संपल्याची घंटा का? बोलवायचं तुम्ही आणि आवरायचंही तुम्हीच?”

“नाही बाई, आपण बोला,” आप्पासाहेब उभे राहून म्हणाले.

बाई बोलल्या. तोवर पिपाणी आपोआप थांबली, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे एकदम काळे झाले.

त्यानंतर फोन वाजू लागले. आप्पासाहेबांनी सवयीनं गणपतीकडे पाहिलं, पण त्याच्यापुढं बॅनर आला होता. मग त्यांनी कल्याणीकडे पाहिलं. ती शालीसकट सर्व्हरच्या खोलीत पोचली होती. सातही पायऱ्या करून पडदे उजळायला एक तास लागला. ती बाहेर आली तेव्हा विश्वजीत फळ्याजवळ डस्टर घेऊन उभा होता.

“सॉरी मॅडम. पण डेटा इज डेटा.”

“माझी उद्याची गाडी आहे,” कल्याणी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “आईची साठी उलटून गेली आहे. पुढच्या शंभर दिवसांचं मला सांगू नका.”

आप्पासाहेब बटणाशी चाळा करत होते. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून विजयमालाबाईंनी पर्समधून चष्मा काढला, मग पत्रिका.

“आप्पा, हे वाच.”

आप्पासाहेबांनी वाचलं. “‘कार्यक्रमानिमित्त सकाळी अकरा ते दुपारी एक पेढीचे सर्व व्यवहार बंद राहतील. ग्राहकांनी कृपया नोंद घ्यावी.’”

“बंद कधी पडलं?”

“पावणेबाराला. पाऊण वाजता चालू झालं.”

“पत्रिका मला पाच दिवसांपूर्वी मिळाली. लेखी आहे, आगाऊ आहे. या मुलाच्या नियमात बसतं की नाही?”

विश्वजीतनं पत्रिका उलटसुलट करून पाहिली. “टेक्निकली… प्लॅन्ड आहे.”

“मग ते डस्टर ठेव. मी पत्रिका वाचून येते. बाकीचे जेवायला येतात.”

फळ्यावर १०० कायम राहिले. दुसऱ्या दिवशी शालनताईंची बॅग पहिल्यांदाच रेल्वेत चढली. बोधगयेत बोधिवृक्षाखाली बसल्यावर त्यांनी विचारलं, “मशीनचा फोन नाही आला?” नव्हता आला. बारा दिवसांत एकदाही नाही, आणि शेवटीशेवटी कल्याणीला त्याचीच काळजी वाटू लागली होती.

ती परतली तेव्हा फळ्यावर ११३ होते.

“एकदाही नाही पडली?” तिनं सुदर्शनला विचारलं.

“तीनदा पडली. पण कळवून.”

“आधी कसं कळलं?”

सुदर्शननं खण उघडला. आत पाचशे पत्रिका होत्या, छापील, तारखेची आणि निमित्ताची जागा कोरी. “पडली की भरतो आणि पाठवतो. तारीख दोन दिवस आधीची. पोचायला उशीर झाला म्हणायचं.”

“आणि दुकानदार ऐकतात?”

“पहिल्यांदा चिडले. मग आम्ही खाली अल्पोपाहार छापला. आता पोहे खाता खाता कागदावर ऑर्डर देऊन जातात. कालच एक जण विचारत होता, पुढची कधी. विश्वजीत म्हणतो अनप्लॅन्ड लॉस झीरो आलाय. दुसऱ्या कंपनीत दाखवायला आलेख घेऊन गेला.”

कल्याणीनं खरा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला. “चालू कुणी केली?”

“मीच. पत्रिका विजयमालाबाईंनाही जाते ना, त्या पहिल्याच वेळी आल्या. दारावरचा कागद वाचला आणि मला म्हणाल्या, मोठ्यानं वाच आणि कर. तासाभरात चालू.” सुदर्शन कौतुकानं दाराकडे बघत होता. “चांगलं लिहिलंयस गं. कधी लावलास?”

कल्याणीनं खणातून एक कोरी पत्रिका घेतली, मे महिन्यातल्या आठ दिवसांची तारीख घातली आणि निमित्ताच्या जागी ‘कु. कल्याणी यांची रजा’ असं लिहून ती आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवली.

आप्पासाहेबांनी अल्पोपाहार बघितला आणि सही केली.