तीन प्राध्यापक आणि एक पिंप

"उद्या संध्याकाळी दारावरच्या पाटीवर माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागणार!" सूनबाईने जेवता जेवता जाहीर केलं.

नवऱ्याने फक्त पाणी पुढे सरकवलं. लग्न झाल्यापासून तो हे वाक्य ऐकत होता! पण या खेपेला तिचा भरवसा खरा होता. पर्यावरणातल्या त्या पदवीची अटच मुलखावेगळी. तीन विषयांचे तीन मार्गदर्शक, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय पदवी नाही. एका बशीत तीन मांजरांना दूध पाजणं त्यापेक्षा सोपं! मातीच्या सरांना कस हवा, अर्थशास्त्राच्या बाईंना खर्च हवा, समाजशास्त्राच्या सरांना माणसं हवीत. सूनबाईने तिघांचीही सोय लावली होती. इमारतीतल्या प्रत्येक घरचा ओला कचरा तिने दोन वर्षं वेगवेगळ्या कुंडीत कुजवला होता. शेवटची तपासणी तिघे जण घरी येऊन स्वतः करणार होते.

"बाबा, आमच्या विषयात भिंती नसतात," ती सासऱ्यांना म्हणाली. "सगळं एकत्र आणायचं, तीच आमची खरी कसोटी!"

सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांची हयात गोदाम सांभाळण्यात गेली होती. एकच माल दहा ठिकाणी विखुरलेला दिसला की त्यांना घास गोड लागत नसे. त्यात सुनेवर भारी जीव!

दुसऱ्या दिवशी ती तिघांना घेऊन गॅलरीत आली आणि जागच्या जागी थिजली. फरशी लखलखत होती. धुतलेल्या कुंड्या कोपऱ्यात पालथ्या घातल्या होत्या. आणि मधोमध एक भलंमोठं निळं पिंप!

"बाबा! माझी माती कुठंय?"

"ही काय! सगळी एकत्र केली, चांगली ढवळून. पाहुण्यांनी काय प्रत्येक कुंडीपुढे वाकायचं?"

मातीच्या सरांनी पिंपात हात घातला. "कसदार आहे. पण कुणाच्या घरची?"

"सगळ्यांची!" सासरे फुशारले.

"मग कुठल्या घरामागे किती खर्च आला?" बाईंनी चष्मा सावरला.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांत कसला हिशोब, बाई!"

"पण घराघरांत काही फरक?" समाजशास्त्राच्या सरांनी आशेने विचारलं.

"छे हो! मातीत गेल्यावर सगळे सारखेच!"

सर ते वाक्य घाईघाईने टिपून घेऊ लागले. सूनबाई मटकन स्टुलावर बसली.

तिघांनी बाहेरच्या खोलीत कुजबुज केली. चहा कधी घ्यायचा यावरही ज्यांचं आजवर जुळलं नव्हतं, ते तिघे हसतमुखाने परत आले.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "आमचं पूर्ण एकमत झालंय. आणखी दोन वर्षं. पहिल्यापासून!"

ते तिघे गेले. सूनबाईला रडू येत होतं आणि रागही. तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले. "माझ्यामुळे झालं का गं पोरी?"

तो पडलेला चेहरा बघून तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"तुमच्यामुळे त्यांचं एकमत झालं, बाबा. ते मला कधीच जमलं नव्हतं!"

सकाळी ती उठली तेव्हा सासरे घरोघर बादली फिरवून आले होते. प्रत्येक घरचा कचरा वेगळ्या कुंडीत, कुंड्या ओळीने, प्रत्येकीवर ठसठशीत चिठ्ठी. तिला भरून आलं.

"बाबा, किती केलंत हो!"

"त्यात काय मोठंसं! फक्त आता एकत्र कधी करायचं, तेवढं आधी सांगून ठेव. मागच्या वेळी फार घाई झाली बघ!"